जुन्या गाडीचा सैल साइड मिरर घरच्या घरी घट्ट होतो का?

डोंगरवाट
नमस्कार मंडळी,
घरात २००६ ची छोटी हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर आरसा राहील बाजूला आणि "तरी सांगत होतो ती गाडी घेऊ नका" यावरच धागा पेटेल. इंजिन ठणठणीत, एसी गार, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन नोंदणीही पुढे वाढवून घेतली आहे. विकायचा विचार नाही.

तक्रार एकच. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सैल झालाय. साठच्या पुढे गेलं की मागे ट्रक आहे की टेम्पो ते कळत नाही, नुसतं काहीतरी थरथरत येताना दिसतं. ऐंशीला तर वाऱ्याने आरसा हळूहळू गाडीकडे मिटायला लागतो. मग काच खाली करून हाताने ढकलायचा. घाटात हे उद्योग नको वाटतात.

गॅरेजवाला म्हणतो "अख्खा बदला". शेजारचे काका म्हणतात "एमसील लाव, हलणार नाही जन्मात". मोटरवाला आरसा नाही, आतल्या खुंटीने फिरवायचा आहे. माझ्याकडे पान्यांचा सेट, स्क्रू ड्रायव्हर आणि रविवार आहे. कोणी केलंय का हे घरी?

पेठकर
पुण्यात असाल तर मिटलेलाच बरा. आमच्या गल्लीत उघडा आरसा ठेवला की संध्याकाळपर्यंत त्याला कोणीतरी स्कूटर घासून जातंच.

अक्कामहादेवी_नगर
काकांचं ऐकू नका हो! एमसीलने आमच्या टाकीची गळती थांबली, पण गाडीला ते पांढरं लिंपण दिसतं फार वाईट.

ग्रीसचे_हात
एमसील, फेविक्विक, अरल्डाइट हे सगळं आधी कपाटात ठेवा. पहिल्यांदा नेमकं काय हलतंय ते शोधा. 'आरसा सैल' ही चार वेगवेगळी दुखणी असतात आणि चारींचा इलाज वेगळा.

गाडी उभी करा, दार बंद. एक बोट आरशाच्या काचेवर ठेवून हलकं दाबा. फक्त काच टकटक करत असेल आणि बाहेरचं कव्हर स्थिर असेल, तर काच तिच्या मागच्या प्लास्टिकच्या प्लेटपासून सुटली आहे. काच आणि प्लेट एकत्र डुलत असतील तर आतली गोटी किंवा ती बसते ती वाटी झिजली आहे. जुन्या आरशात हे बरंच दिसतं, कारण आपण काच पुसताना कोपऱ्यावर दाबतो आणि तो सगळा ताण गोटीवर येतो.

आता अख्खं कव्हर धरून पुढेमागे करा. आरसा मिटतो त्या सांध्यात खेळ असेल तर आतली स्प्रिंग दमली आहे किंवा तिची चकती झिजली आहे. आणि सांधा घट्ट पण दाराला चिकटलेला त्रिकोणी पाया हलतोय, त्याच्या कडेची फट उघडमीट करतेय, असं असेल तर तुम्ही नशीबवान. आतले स्क्रू ढिले झालेत, एवढंच.

हे बघून इथे लिहा. मग पुढचं सांगतो.

पेठकर
ग्रीसचे हात आले. आता धागा शंभरी गाठणार.

नागपुरी_संत्रं
भाऊ, माझी काच फुटली होती तर फोटो फ्रेमवाल्याकडून आरसा कापून आणला, मागून डबल टेप लावला अन् बसवला. स्वस्तात काम झालं. कायले एवढं शास्त्र?

ग्रीसचे_हात
@नागपुरी_संत्रं, काम झालं खरं, पण फ्रेमवाल्याची काच सपाट असते. गाडीच्या बाहेरच्या आरशाची काच बहुतेक वेळा बहिर्वक्र असते, थोडी फुगीर. म्हणून तिच्यात जास्त रुंद भाग दिसतो आणि गाड्या आहेत त्यापेक्षा लांब वाटतात. काचेवर तो इशारा छापलेला असतो तो त्यासाठीच. सपाट काच लावली की तेवढ्याच आकारात कमी रस्ता दिसतो, शेजारच्या लेनमधली दुचाकी गायब होते. त्यात एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला सपाट असेल तर डोळ्यांचा अंतराचा अंदाजही बिघडतो. त्या मॉडेलची नुसती काच वेगळी मिळते, तीच आणा.

नागपुरी_संत्रं
अरे बापरे. म्हणूनच डाव्या बाजूचे अॅक्टिव्हावाले एकदम भुतासारखे उगवून राह्यले होते.

सायन्सच्या_मॅडम
थरथरीबद्दल थोडं गणित सांगते, शाळेची सवय. आरसा जितक्या कोनातून फिरतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण फिरतो. साधारण पंधरा सेंटीमीटर रुंद आरसा मधोमध टेकलेला आहे असं धरा. त्याचा काठ अर्धा-पाऊण मिलिमीटर हलला की आरसा सुमारे अर्धा अंश फिरला आणि किरण एक अंश. पन्नास मीटर मागे एक अंश म्हणजे जवळजवळ ८७ सेंटीमीटर. सपाट आरशाचं हे गणित आहे, फुगीर काचेतही किरण दुप्पटच वळतो. म्हणजे बोटाला जेमतेम जाणवणारा खेळ मागच्या मोटारसायकलला तिच्या रुंदीपेक्षा जास्त इकडून तिकडे नाचवतो. "थोडंसंच तर हलतंय" असं म्हणून सोडू नये ते यासाठी.

पेठकर
मॅडम, दहावीला तुम्ही असतात तर मी आज गॅरेजवाल्यासमोर मान खाली घालून उभा नसतो.

गुहागरी
आमच्याकडे आरसा सैल होण्याचं कारण वेगळंच. अंगणात गाडी लावली की शिंजीर येतो आणि आरशातल्या स्वतःवर तुटून पडतो. त्याचं वजन ते काय, पण सातभाईंचा थवा आला की एक जण कव्हरवर बसून दुसऱ्याला चिथावतो! काच सगळी पांढरी. विणीच्या दिवसांत आरशाला जुना मोजा चढवून ठेवतो. गावात चेष्टा होते, पण काच स्वच्छ राहते.

बाकी कोकणातल्यांनी एक बघावं. समुद्राजवळ स्क्रू आधी गंजतात, मग सैल होतात. जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. आदल्या संध्याकाळी रस्टोलीन किंवा डब्ल्यूडी-फोर्टी मारून ठेवा, सकाळी खोला.

डोंगरवाट
@ग्रीसचे_हात, सांगितल्याप्रमाणे बघितलं. काच घट्ट आहे, गोटीही ठीक. कव्हर ओढलं की पायाची त्रिकोणी फट उघडते. आणि मिटण्याचा सांधाही जरा जास्तच मऊ आहे, डावा आरसा मिटायला जोर लागतो, हा बोटाने मिटतो. म्हणजे दोन दुखणी?

@गुहागरी मोज्याचा फोटो टाका.

ग्रीसचे_हात
दोन. आधी पाया.

दाराच्या आतून, खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात त्रिकोणी प्लास्टिकचं झाकण असतं, ज्यातून खुंटी बाहेर येते. खुंटीची टोपी ओढून काढा. काहींत तिथेच एक छोटा स्क्रू असतो, काहींत झाकण नुसतं क्लिपांवर असतं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, जुनं प्लास्टिक तडकतं. एटीएम कार्डासारखं काहीतरी जुनं कार्ड फटीत घाला आणि वरच्या टोकाकडून सैल करा.

आत तीन स्क्रू किंवा तीन नट दिसतील, बहुतेक दहाचा पाना लागतो. आता सगळ्यात महत्त्वाचं. त्यांच्या आसपास दाराच्या पत्र्यात भोकं असतात. पाना लावायच्या आधी त्या भोकांत फडकं कोंबा. स्क्रू आत पडला की दाराचं अख्खं ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, काढावं लागतं, आणि मग त्या ट्रिमच्या क्लिपा तुटतात, आणि मग त्या शोधायला बाजारात जावं लागतं. रविवार गेला.

तिन्ही थोडेथोडे आळीपाळीने आवळा. एकच पूर्ण आवळला की पाया तिरका बसतो. दुसऱ्या कोणाला बाहेरून आरसा धरायला सांगा, कारण तिन्ही सुटले तर तो खुंटीच्या तारांवर लोंबकळतो आणि तारा वाकतात.

काळीपिवळी
वडिलांची मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी होती. आरसा एका बोल्टवर. सैल झाला की सिग्नलला उतरून पाना मारायचा, हिरवा व्हायच्या आत परत सीटवर. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. वडील त्या दिवशी पेपर वाचून एवढंच म्हणाले, "क्लच प्लेट मात्र महाग पडायची."

पेठकर
आणि साध्या मॉडेलच्या मारुती ८०० ला डावा आरसाच नसायचा. बाजूला बसलेल्या माणसाने मान काढून "ये ये ये" म्हणायचं. तो आरसा कधी सैल झाला नाही, फारतर रुसायचा.

टेम्सकाठी
इथे इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी असते. त्यात आरसा हलवून बघतात. ऑगस्ट १९७८ नंतरच्या गाडीला ड्रायव्हरच्या बाजूचा बाहेरचा आरसा हवाच आणि आतला किंवा दुसऱ्या बाजूचा यापैकी एक हवा. सक्तीचा आरसा नीट बसलेला नसेल तर गाडी नापास. त्यामुळे माझ्या जुन्या गाडीची तपासणी जवळ आली की मी आधी आरसे धरून हलवतो. शेजाऱ्याला वाटतं मी गाडीचे कान पिळतोय.

मुळशीचा_पाऊस
पण आपल्याकडे आरसा बघतं कोण? रिक्षावाल्यांनी तर आतमध्ये वळवून ठेवलेला असतो, मागच्या सीटवरचं बघायला.

अक्कामहादेवी_नगर
@मुळशीचा_पाऊस, सगळ्या रिक्षावाल्यांना एका माळेत ओवू नका. माझे मामा रिक्षा चालवतात. आरसा आत घेतात कारण बाहेर काढला तर बसवाले उडवून नेतात.

मुळशीचा_पाऊस
मामांना नमस्कार सांगा. मुद्दा मान्य.

कोकणकन्या_नव्हे
आरसा घट्ट झाला की तो लावायचा कसा यावर पण बोला ना कोणी. माझे सासरे म्हणतात आरशात आपल्या गाडीचं मागचं हँडल दिसलं पाहिजे. भाऊ म्हणतो आपली गाडी अजिबात दिसता कामा नये.

टेम्सकाठी
भावाची पद्धत जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याच्या १९९५ च्या निबंधामुळे गाजली, एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेसाठी लिहिलेल्या. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवायचं आणि गाडीची कड जेमतेम दिसेल असा लावायचा. डाव्यासाठी डोकं दोन सीटच्या मधोमध आणून तसंच. सरळ बसलं की आपली गाडी दिसत नाही आणि आंधळा कोपरा बराच कमी होतो. मागचं सरळ दृश्य आतल्या आरशात असतंच.

ग्रीसचे_हात
हायवेला ठीक. शहरात मी सासऱ्यांच्या बाजूने. आपल्याकडे दुचाकी गाडीला खेटून, दाराच्या रेषेतून येते. आपल्या गाडीची बारीकशी कड दिसली तर ती किती जवळ आहे ते कळतं. आणि मागच्या सीटवर गाद्या, पिशव्या आणि आत्या असतील तर आतला आरसा काय कामाचा? तेव्हा दोन्ही बाहेरचेच उपयोगाला येतात.

कोकणकन्या_नव्हे
म्हणजे दोघांनाही सांगते, तुम्ही बरोबर. घरात शांतता.

कोल्हापुरी_पान
डोंगरवाट भावा, एक विचारू? गाडी जाग्यावर उभी, न्यूट्रल, इंजिन चालू, तेव्हा आरसा थरथरतोय का? आणि एसी लावला की जास्त?

डोंगरवाट
हो! आत्ता खाली जाऊन बघून आलो. एसी लावल्यावर तर स्टेअरिंगला पण हलकी थरथर लागते. का?

कोल्हापुरी_पान
मग इंजिन माउंटिंगचं रबर बघून घे, इंजिन ज्यावर टेकतंय ते. एवढ्या वर्षांत ते कडक होतंय किंवा फाटतंय, इंजिनचा हादरा थेट बॉडीत जातोय. गिअर टाकताना धक्का बसतोय का तेही बघ. तसं असंल तर आरसा कितीबी आवळ, स्क्रू परत ढिले होणार. आणि उभ्या गाडीत काही नाही पण ठराविक वेगालाच थरथर, असं असतं तर व्हील बॅलन्सिंग सांगितलं असतं. आरसा दाराच्या पत्र्यातून बाहेर लोंबतोय, हादरा पहिला त्यालाच लागतोय.

सायन्सच्या_मॅडम
उत्तम निरीक्षण. ठराविक वेगालाच थरथर येणं हे अनुनादाचं लक्षण, म्हणजे बाहेरचा हादरा वस्तूच्या स्वतःच्या लयीशी जुळतो आणि कंप वाढतो.

पेठकर
मॅडम, शाळा सुटली.

डोंगरवाट
मंडळी, रविवारचा अहवाल.

झाकण जुन्या कार्डाने निघालं, एक क्लिप तुटलीच. फडकं कोंबलं म्हणून वाचलो, कारण खालचा स्क्रू हातातून निसटून त्या फडक्यातच पडला. वरचे दोन नुसते ढिले होते. खालच्याचे आटे गेले होते, फिरतच राहायचा. पाया आणि पत्रा यांच्यामधलं रबरी पॅकिंग तर हात लावताच भुगा झालं. त्या खाली पत्र्यावर थोडा गंज आहे.

आता आट्यांचं काय करू? लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो द्रव) लावू का स्क्रूला?

ग्रीसचे_हात
लॉकटाइटने गेलेले आटे परत येत नाहीत. शिवाय तो पातळ द्रव ओघळून प्लास्टिकला लागला तर एबीएससारख्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. आरशाचा पाया आणि झाकण दोन्ही प्लास्टिक, त्यामुळे नकोच.

पत्र्याच्या मागे हात पोचत असेल तर लांब स्क्रू आणि मागून नायलॉनवाला नट, सगळ्यात खात्रीचं. हात पोचत नसेल तर गॅरेजमध्ये रिव्हनट (पत्र्याच्या भोकात पक्का बसणारा, आतून आटे असलेला नट) मारून घ्या, पाच मिनिटांचं काम. एक साइज मोठा स्क्रू घालून नवे आटे पाडणं हा तिसरा उपाय, चालतो, पण पत्रा पातळ असेल तर पुन्हा तेच. तिन्हींना स्प्रिंग वॉशर टाका.

गंज पॉलिश पेपरने घासा, वर प्रायमर. पॅकिंग मिळालं नाही तर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्या आकारात कापा. पॅकिंगशिवाय बसवू नका. तेच हादरा खातं आणि तेच पाणी अडवतं. ते नसेल तर पावसात पाणी दाराच्या आत उतरतं.

डोंगरवाट
आणि मिटण्याचा सांधा? तिथे एमसील लावून कायमचा उघडा ठेवला तर? काका अजून विचारतायत.

ग्रीसचे_हात
काकांना साष्टांग नमस्कार, पण नाही. आरसा मिटतो तो फक्त पार्किंगसाठी नाही. कोणाचा हात, कोणाचं हँडल लागलं तर त्याने मान टाकावी यासाठी तो सांधा असतो. कडक केला तर समोरच्याला लागेल किंवा पत्रा फाटेल.

सांध्यातली स्प्रिंग फार ताकदीची असते. काही मॉडेलमध्ये ती खालून नटवर असते, तिथे नट आवळून किंवा एक पातळ चकती वाढवून खेळ जातो. काहींमध्ये ती कारखान्यातच दाबून बसवलेली असते, ती उघडायच्या भानगडीत पडू नका. उडाली तर डोळ्याचा प्रश्न आहे. तुमच्यात नट दिसत नसेल तर ही बाजू अख्खी बदललेलीच बरी. गॅरेजवाला अगदीच खोटं बोलत नव्हता.

पेठकर
नाना पेठेत जा. जुन्या हॅचबॅकचे आरसे अजून मिळतात, शोरूमपेक्षा पुष्कळ कमी किमतीत. दोन गोष्टी बघून घ्या. खुंटीच्या तारा तिथेच फिरवून बघा, वरखाली आणि आतबाहेर दोन्ही. आणि काचेत लांबची सरळ रेघ बघा, इमारतीची कड वगैरे. सगळीकडे सारखी गोल वळली तर ठीक, मध्येच लाटेसारखी नागमोडी झाली तर तो आरसा परत द्या.

काळीपिवळी
मुंबईकरांनी कुर्ल्याचा सीएसटी रोड बघावा. गाडीतून निघालेला मूळ कंपनीचा जुना आरसा नव्या नकली आरशापेक्षा कितीतरी बरा. फक्त सांधा दाबून बघून घ्यायचा, नाहीतर एक सैल देऊन दुसरा सैल घ्याल.

डोंगरवाट
घेतला. नाना पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाला, काळा आहे, गाडी चांदीच्या रंगाची. सध्या तसाच चालवतोय, मुलगी म्हणते गाडीने चष्मा लावलाय. खाली रिव्हनट मारून घेतला, ट्यूबचं पॅकिंग, तीन स्प्रिंग वॉशर. माउंटिंगचं रबर मेकॅनिकने दाखवलं, उजवीकडचं पूर्ण फाटलेलं होतं, तेही बदललं. काल एक्सप्रेसवेला मागच्या गाडीचा नंबर वाचता येत होता. कोल्हापुरी_पान, तुमच्याकडे आलो की तांबडा-पांढरा माझ्याकडून.

कोल्हापुरी_पान
आमच्याकडं येऊन पैसे तू देणार व्हय? ये तर खरं.

नवखा_चालक
धागा वाचून काढला, फार उपयोगी. माझा प्रश्न थोडा वेगळा. काच फक्त प्लेटपासून सुटली आहे, पडायच्या बेतात आहे. सिलिकॉनने चिकटवू का?

ग्रीसचे_हात
ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन नको. त्यातलं आम्ल काचेमागच्या चकाकीला खातं, काही महिन्यांत कडेने काळे डाग येतात. फेविक्विकही नको, हादऱ्याने तडकतं आणि त्याच्या वाफेने काचेवर पांढरी झाक बसते.

काच काढताना हेअर ड्रायरने कोमट करा, जुना डिंक मऊ होतो. प्लेट आणि काचेची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाठ घासू मात्र नका. गाड्यांच्या बाहेरच्या पट्ट्या चिकटवायला मिळतो तो जाड फोमचा दुहेरी टेप भरपूर जागा व्यापेल असा लावा आणि काच मधून बाहेर दाबत बसवा. एक दिवस गाडी धुवू नका, पूर्ण पकड यायला तीनेक दिवस लागतात. दाबताना हातात जाड फडकं घ्या.

नवखा_चालक
धन्यवाद. प्लेटच्या मागे दोन वायरी पण दिसतायत, त्या कसल्या?

ग्रीसचे_हात
काच गरम करणाऱ्या जाळीच्या असतील. पिना हळूच सरळ ओढून काढा आणि टेप लावताना त्यांची जागा मोकळी सोडा.